चेंडूंचा हिशोब

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्याकडे एक पाहुणे आले. मुलगी बघायला येतात ना, अगदी तसे. फरक एवढाच की त्यांना बघायचं होतं ते आमच्या मुलाला. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, वय वर्षं पंधरा, दहावीचं वर्ष, उजव्या हाताचा जलदगती गोलंदाज. घरात त्याला सगळे सोन्या म्हणतात, मीही इथे तेच म्हणते.

पाहुणे दुसऱ्या शहरातल्या एका खासगी क्रिकेट अकादमीकडून आले होते. केस वाळवायच्या यंत्रासारखं काहीतरी त्यांनी बॅगेतून काढून टीपॉयवर ठेवलं. स्पीड गन. आदल्या दिवशी मैदानावर त्यांनी सोन्याचे सहा चेंडू त्यावर मोजले होते. सगळ्यात वेगवान चेंडू ताशी १२१ किलोमीटर. "या वयात हा आकडा म्हणजे काय, कल्पना आहे का तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी दिरांकडे पाहिलं. दिरांना कल्पना नव्हती, पण त्यांचे डोळे चमकले. बोर्डाची परीक्षा झाली की मुलाला अकादमीच्या वसतिगृहात पाठवा, दोन वर्षं आमच्या हातात द्या, अकरावी-बारावी बाहेरून करता येते, असा प्रस्ताव होता. फीचा आकडा ऐकून सासूबाईंची जपमाळ मध्येच थांबली.

आमच्या मजल्यावरचे पालनपुरी शेजारीही बसले होते. चाळीस वर्षं हिऱ्यांच्या धंद्यात मुरलेले. सुरतेत कुठलाही सौदा असला की असा एखादा जाणता माणूस शेजारी बसवून घेतात. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच विचारलं, "आमां खोट क्यां छे?" म्हणजे, यात खोट कुठे आहे? पाहुणे हसले आणि म्हणाले, "खोट नाहीच काका, हाच तर मुद्दा आहे."

"वहिनी, जरा चहा टाकता का?" दीर म्हणाले. मी उठले. सुरतेला येऊन अठ्ठावीस वर्षं झाली, पण घरातल्या महत्त्वाच्या बोलण्याच्या ऐन वेळी चहा टाकायला उठणं काही सुटलं नाही. पण स्वयंपाकघराच्या दारातून बैठक सगळी दिसते. सोन्याच्या हातून चमचा खाली पडला. उचलायला तो कमरेत वाकला नाही. एक गुडघा टेकून, पाठ ताठ ठेवून खाली बसला आणि चमचा उचलला. मैदानावर बाकावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधताना मी त्याला गेले काही दिवस पाहतच होते. ओट्याशी उभी असताना या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना चिकटल्या आणि चहा उतू गेला.

आता माझा आणि क्रिकेटचा संबंध कसा, तेही सांगायला हवं. आम्ही मूळचे इचलकरंजीकडचे. मागांची खडखड ऐकत वाढलेली घरं. यार्नच्या धंद्यासाठी आमचे हे सुरतेला आले आणि मागोमाग दीरही. घर एकच, अडाजणला. जाऊबाई शाळेत शिक्षिका, त्यांची सकाळची शाळा. त्यामुळे पहाटे साडेपाचला सोन्याला ॲक्टिव्हावर बसवून सरदार पुलावरून तापी ओलांडायची आणि अठव्याकडच्या मैदानावर सोडायचं, हे काम माझ्याकडे आलं. तीन वर्षं. घरी परत येऊन पुन्हा जाण्यापेक्षा मी तिथेच कठड्यावर थर्मास घेऊन बसते.

हे वेड लागलं ते २०१९ मध्ये. त्या सप्टेंबरात इथल्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर भारताच्या मुली दक्षिण आफ्रिकेशी टी-ट्वेंटी खेळल्या. जाऊबाई, मी आणि दहा वर्षांचा सोन्या बघायला गेलो. शेफाली वर्माचा तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना, वय पंधरा. ती शून्यावर बाद झाली. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई मोठ्याने म्हणाल्या, एवढ्या लहान पोरीला कशाला घेतलं? पुढे त्या पोरीने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या संध्याकाळी आमच्या पुढ्यात होतं ते फक्त शून्य, आणि आम्हीही घरी येताना त्याबद्दलच बोललो.

घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो चेंडूचा. टेनिसचा चेंडू चालत होता. कातडी चेंडू घरात आला तेव्हा सासूबाईंनी तो हातात घेतला नाही, नुसता पाहिला. "चामड्याचा हाय न्हवं?" हो म्हणावं लागलं. मेरठला चेंडू शिवतात, आत बूच आणि दोरा, वरून गाईबैलाचं कातडं. त्या काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं. मग नियम ठरला. चेंडू चपलांच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात राहील, आत येणार नाही, आणि हात धुतल्याशिवाय सोन्या देवघरात जाणार नाही. मला विचाराल तर माझंही मन याबाबतीत अजून स्वच्छ नाही. चामड्याची पर्स मी वापरत नाही आणि चामड्याच्या चेंडूसाठी पहाटे उठते. प्रशिक्षक अंडी खायला सांगत होते, तिथे मात्र आम्ही सगळ्याच बायका एक झालो. मूग, शेंगदाणे, पनीर, सातूचं पीठ. संध्याकाळचा सराव उशिरा संपतो आणि आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण, म्हणून त्याचा डबा मैदानावरच जातो. दिवस मावळायच्या आत तो बाउंडरीवर बसून चार घास खातो. पोरं आधी हसायची, आता डब्यात हात घालतात.

या पाहुण्यांच्या आधी सहा महिने मी माणसं पारखण्याचा हाच धंदा दुसऱ्या टोकाला पाहून आले होते. माझी मुलगी पिट्सबर्गला असते. जूनमध्ये तिच्याकडे होते तेव्हा जावईबापूंनी आम्हाला अल्टूना नावाच्या गावी बेसबॉल दाखवायला नेलं. डोंगराकडेचं रेल्वेचं जुनं गाव. मैदानाच्या कुंपणापलीकडे जत्रेतला लाकडी रोलर कोस्टर. तिथला संघ पिट्सबर्गच्या मोठ्या संघाच्या हाताखालचा. मोठ्या लीगच्या खाली अशा पायऱ्या असतात आणि ही वरून दुसरी. पोरं विशीतली. त्यांच्यातलं कोण वर जाईल आणि कोण इथूनच घरी, हे कुणालाच ठाऊक नसतं. पगारही असा की २०२३ च्या करारापर्यंत या पायरीवरच्या खेळाडूला वर्षाला जेमतेम १३,८०० डॉलर मिळत. करारानंतर ते ३०,२५० झाले. मुलगी म्हणाली, आई, इथे एवढ्यात एकट्याचं घरभाडंसुद्धा धड भागत नाही.

खेळ मला अर्धाच कळला. पण फेकणाऱ्याच्या समोर, फलंदाजाच्या मागच्या खुर्च्यांवर, चारपाच माणसं बसली होती, त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं. सगळ्यांच्या हातात स्पीड गन, मांडीवर वही. टाळ्या नाहीत, ओरडा नाही. पोरगा चेंडू टाकायचा, ही माणसं गन बघायची, खाली मान घालून लिहायची. स्काउट म्हणतात त्यांना. जावईबापूंनी त्यांची गुणपद्धत समजावून सांगितली, आणि ती माझ्या मनात अशी बसली की अजून निघाली नाही. गुण वीस ते ऐंशी. पन्नास म्हणजे मोठ्या लीगमधल्या सर्वसाधारण खेळाडूइतका. पण प्रत्येक गोष्टीला गुण दोन. वेगवान चेंडूला दोन, वळणाऱ्याला दोन, अचूकतेला दोन. पहिला आकडा आज तो पोरगा काय आहे त्याचा, दुसरा उद्या काय होईल त्याचा. आज पस्तीस, उद्या पंचावन्न. शिवाय स्वभाव, घरची माणसं, हरल्यावर कसा वागतो, याचीही नोंद असते. मी म्हटलं, म्हणजे स्थळाचीच चौकशी की! मुलीने मला कोपर मारलं.

त्या दिवशी जो पोरगा फेकत होता त्याला पाचव्या डावानंतर बसवलं. चांगला चालला होता, तरी. मी विचारलं, का? जावईबापू म्हणाले, त्याचे चेंडू संपले. म्हणजे काय, तर तिथे प्रत्येक चेंडू मोजतात. शाळकरी मुलांसाठीसुद्धा २०१४ पासून कोष्टक आहे. पंधरा-सोळाच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकायचे, ७५ च्या वर गेले की चार दिवस सुट्टी, आणि वर्षातले चार महिने सामन्यांत फेकणं बंद. एवढा श्रीमंत देश, पण चेंडू असे मोजतो जसे आम्ही सोन्याचे मणी मोजावेत. हे मी तेव्हा गमतीने म्हटलं होतं.

जावईबापूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. २००८ मध्ये आपल्याकडे एक स्पर्धा झाली होती. बेसबॉल कधी न पाहिलेल्या हजारो मुलांनी त्यात चेंडू फेकले. गनवरचा वेग आणि नेम, एवढीच परीक्षा. त्यातून उत्तर प्रदेशातली, भाला फेकणारी दोन मुलं निवडली, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. अमेरिकेत टॉम हाउस नावाच्या प्रशिक्षकांनी काही महिन्यांत त्यांना खेळ शिकवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात याच पिट्सबर्गच्या संघाने दोघांशी करार केला. त्यांच्यावर २०१४ मध्ये सिनेमा आला. सिनेमा करारापाशी संपतो, आणि तेच बरं वाटतं बघायला. दिनेशला २०१० मध्ये मोकळं केलं. रिंकू खालच्या पायऱ्यांवर बरीच वर्षं टिकला, सामनेही जिंकला, पण दुखापतींनी त्याला वर जाऊ दिलं नाही. पुढे तो कुस्तीच्या तमाशात गेला. गनने चूक सांगितलं होतं असं नाही. त्यांचा वेग खरा होता. पण गनला तेवढंच विचारलं होतं.

तर तो रविवार. पाहुणे गेल्यावर मी सोन्याला बाजूला घेतलं. "पाठ दुखते?" "नाही मोठी आई." "वाक बरं." तो वाकला, आणि तोंड फिरवलं. "कधीपासून?" "नवरात्रीपासून." "कुणाला सांगितलंस?" यावर तो जे म्हणाला ते मी विसरणार नाही. "सांगितलं तर बसवतील ना."

मला लाज वाटली. कारण माझ्या हाताने त्याच्या शाळेच्या पँटची शिलाई त्या वर्षात दोनदा उसवून खाली सोडली होती. एका वर्षात पोरगा चार बोटांहून जास्त वाढला होता. जाऊबाई म्हणत होत्या, नवीन घेऊया, आणि मी म्हणत होते, कशाला, दुमड आहे अजून. कपड्याची दुमड मला दिसली. हाडं लांब होतायत आणि त्यावर हा पोरगा रोज उड्या मारतोय, ते नाही दिसलं.

त्या रात्री दुधाच्या हिशोबाची वही घेऊन बसले. सोन्याला समोर बसवलं आणि आठवडा विचारला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी अकादमीत दहा-दहा षटकं, म्हणजे १८० चेंडू. मंगळवार, गुरुवार संध्याकाळी शाळेच्या संघात आठ-आठ षटकं, ९६. शनिवारी क्लबचा सामना, दहा षटकं आणि आधी अंग मोकळं करायला वीसेक, ८०. रविवारी रात्री सोसायट्यांची टेनिस बॉल स्पर्धा, दिव्यांच्या उजेडात, ४०. बेरीज ३९६. मी दोनदा केली. अकादमीच्या सरांना शाळेचे चेंडू माहीत नव्हते, शाळेच्या सरांना क्लबचे नव्हते, आणि सोसायटीच्या मंडळींना तर मोजायचंच काय असतं? प्रत्येकाने आपापलं बरोबरच मोजलं होतं. बेरीज कुणाच्याच वहीत नव्हती. आणि तीन वर्षं रोज कठड्यावर बसलेली एकटी मी होते, जिला सगळी मैदानं माहीत होती.

बेसबॉलचं कोष्टक क्रिकेटला जसंच्या तसं लावता येत नाही हे मलाही कळतं. तिथे कोपर वाकवून फेकतात आणि झिजतं ते कोपर, खांदा. आपल्याकडे पंधरा अंशांपलीकडे कोपर सरळ होऊन चालत नाही, म्हणून भार जातो कमरेवर. धावत येऊन पुढचा पाय आपटतो तेव्हा वजनाच्या कितीतरी पट दणका वर चढतो, आणि त्याच क्षणी अंग एका बाजूला कलतं आणि पिळतं. हे मला हाडांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्यांनी एमआरआय काढायला लावलं. कमरेच्या खालच्या मणक्यात, डाव्या बाजूला, हाडावर ताण आलेला होता. चीर पडलेली नव्हती, पण त्याच वाटेवर होती. उजव्या हाताने टाकणाऱ्यांना बहुधा डावीकडेच होतं म्हणे. दुखतंय हे लपवून आणखी दोन महिने टाकत राहिला असता तर? मी विचारलं. डॉक्टरांनी उत्तर न देता पेन खाली ठेवलं.

चार महिने एकही चेंडू टाकायचा नाही.

घरात त्या संध्याकाळी कुणीच नीट बोललं नाही. दिरांनी एकदा मला विचारलंच, "वहिनी, तुम्ही त्या माणसासमोर बोलला असता तर?" त्यात राग होता की दुसरं काही, मला कळलं नाही. मी म्हटलं, भाऊजी, मी चहा टाकत होते.

नंतरच्या दिवसांत दिरांची आणि माझी रोज वादावादी व्हायची, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायची. त्यांचं म्हणणं, वहिनी, वेळ गेली की गेली. राज्याच्या सोळा वर्षांखालच्या संघात, विजय मर्चंट ट्रॉफीत, आता नाही तर कधीच नाही. तिथे डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय तपासतात, एक वर्ष इकडचं तिकडे होत नाही. त्यांचं चूक नव्हतं. माझं म्हणणं, दाराची वेळ टळते, पण दारं काय एकच असतं? मी त्यांना मुनाफ पटेलचं सांगितलं. इथून जवळच, भरूच जिल्ह्यातलं इखर गाव. टाइल्सच्या कारखान्यात रोजंदारी करणारा मुलगा. किरण मोऱ्यांनी त्याला पाहिलं, मग चेन्नईच्या पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिलींच्या हाताखाली गेला. त्याचंही नाव झालं ते वेगाने. २००६ मध्ये मोहालीला पहिल्याच कसोटीत इंग्लंडचे सात बळी. मग दुखापती. वेग उतरला, आणि लोक म्हणू लागले, संपला. पण २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो संघात होता, वेगाने नव्हे, टप्पा न सोडता टाकत राहण्याने. ज्या गुणासाठी त्याला निवडलं तो गेला, आणि ज्यासाठी निवडलं नव्हतं तो उरला. दीर म्हणाले, म्हणजे त्यालाही मोडलाच की वेगाने! यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच पेस फाउंडेशनची दुसरी गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. १९८७ मध्ये चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर तिथे जलद गोलंदाज व्हायला गेला होता आणि लिलींनी त्याला फलंदाजीकडे लक्ष द्यायला सांगितलं. नको म्हणणारा पारखी एवढा मोलाचा असतो. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना नको म्हणायचे पैसे मिळत नव्हते, हो म्हणायचे मिळत होते. अल्टूनाच्या खुर्च्यांवरची ती माणसं संघाच्या पगारावर होती. पोरगा चुकीचा निघाला तर त्यांच्या वहीवर डाग. इथे पोरगा चुकीचा निघाला तर डाग आमच्यावर.

शेजारचे काका एकदा संध्याकाळी बोलता बोलता म्हणाले, कच्चा माल घेताना आम्ही चमक बघत नाही, चीर बघतो. चीर कुठे आहे ते कळलं की कुठून कापायचं ते ठरतं. आता मशीन आतलं सगळं दाखवतं, पूर्वी भिंगातून, दिव्यासमोर दगड फिरवत बसायचं. निम्म्याहून जास्त वजन तर भुकटीच होऊन जातं, उरतं त्याचे पैसे. मला त्यांचं बोलणं पटलं आणि नाहीही. काकांच्या दगडाला दुखत नाही, आणि दुखतंय हे तो लपवतही नाही.

जाऊबाई मात्र या सगळ्यात फार कमी बोलल्या. एका रात्री भांडी आवरताना एवढंच म्हणाल्या, "ताई, बुमराहच्या आईला कुणी काय सांगितलं असेल हो?" अहमदाबादच्या शाळेत मुख्याध्यापिका असलेली ती बाई. मुलगा लहान असताना नवरा गेला. दुपारी आईची झोप मोडू नये म्हणून तो घरात भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे नेमका चेंडू टाकायचा, तिथे आवाज कमी होतो म्हणून. त्याची ती चमत्कारिक धाव आणि ताठ हात बघून हा टिकणार नाही असं म्हणणारे थोडे नव्हते. २०१३ मध्ये जॉन राइटनी त्याला गुजरातकडून खेळताना पाहिलं आणि रणजी खेळायच्या आधीच तो आयपीएल खेळला. त्याचीही पाठ पुढे गेली, २०१९ मध्ये मणक्याला चीर, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया, आणि त्यानंतरही तो परत आला. जाऊबाईंना हे सगळं माहीत होतं. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच. त्या बाईने मुलाला जाऊ द्यायचं कसं ठरवलं, कुणाला विचारून?

अकादमीच्या पाहुण्यांचा जानेवारीत फोन आला. जाऊबाईंनीच उचलला. जय जिनेंद्र म्हणाल्या, एमआरआयचं सांगितलं. पलीकडून दोन मिनिटं बोलणं झालं असेल. फोन ठेवून म्हणाल्या, "त्यांनी विचारलं, तोवर दुसऱ्या मुलाला जागा दिली तर चालेल का?" मग थोडं थांबून, "पाठ कशी आहे ते नाही विचारलं."

चार महिने कठीण गेले, पण त्यातच दहावी झाली. सोन्या सकाळी दिवाणखान्यात चटई टाकून फिजिओने दिलेले व्यायाम करायचा, पोटाचे, मांड्यांचे. सासूबाई शेजारी खुर्चीत जप करत. व्यायामात तीस सेकंद अंग धरून ठेवायचं असतं, त्याला मोबाइल बघायला जमायचं नाही, तर त्या मोजायच्या. एक दिवस ऐकलं तर णमोकार मंत्र म्हणत होत्या. म्हणाल्या, "सावकाश एकदा म्हटलं की बरोबर हुतंय बघ, घड्याळ कशाला पाहिजे?" मी घड्याळ लावून पाहिलं. अठ्ठावीस सेकंद.

सोळा वर्षांखालची निवड हुकली. जिल्ह्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, आणि ज्या दिवशी यादी लागली त्या दिवशी तो जेवला नाही. मी समजूत काढायला गेले नाही. काय सांगणार होते? १९ वर्षांखालचा संघ आहे, कूचबिहार ट्रॉफी आहे, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या रात्री मी उगाचच अल्टूनासारखे दोन रकाने आखले, आज आणि उद्या. आजच्या खाली लिहिलं, पाठ बरी, उंची पाच फूट दहा, खरं बोलतो (आता). उद्याचा रकाना कोरा ठेवला. मला त्यात आकडा लिहिता येईना, आणि लिहिणाऱ्यांना कसा येतो हे कोडं काही सुटलं नाही.

डॉक्टरांनी मे महिन्यात परवानगी दिली. तिन्ही सरांना जाऊबाईंनी स्वतः जाऊन भेटून सांगितलं, टाकायचे असतील तेवढे चेंडू आधी घरी कळवायचे. एक सर म्हणाले, आईंनी क्रिकेटमध्ये लक्ष घातलं की मुलगा बिघडतो. जाऊबाई म्हणाल्या, मी आई आहे, मोजणाऱ्या त्याच्या मोठ्या आई आहेत, त्या तिकडे बसल्यात. रविवारची टेनिस स्पर्धा बंद. त्यावरून सोसायटीतल्या पोरांनी दोन आठवडे आमच्याशी बोलणं टाकलं.

पहिल्या दिवशी तापीवर धुकट ओलसर हवा होती, पहाटेच घाम. सोन्याने चपलांच्या कपाटातून चेंडू काढला, तर तो नेहमीच्या कप्प्यात नव्हता. खालच्या कप्प्यात, एका जुन्या सुती रुमालात गुंडाळून ठेवलेला. रुमाल सासूबाईंचा. त्यांनी चेंडूला हात लावला होता की रुमालानेच उचलला होता, मी विचारलं नाही.

मैदानावर तो पूर्ण धाव घेऊन आला नाही. तीन पावलांवरून, अर्ध्या वेगाने. गन कुणाकडेच नव्हती. मी कठड्यावर थर्मास ठेवला, पर्समधून दुधाची वही काढली आणि रेघा मारायला लागले, चार उभ्या, एक आडवी. चोवीस झाल्यावर मी हात वर केला. त्याने माझ्याकडे पाहिलं, चेंडू पँटला पुसला आणि आणखी एक टाकायला वळला.

"पुरे!" मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या नेटमधली पोरं थांबली.

वहीत त्या दिवशीच्या पानावर लिहिलं आहे, दूध दोन लिटर, चेंडू २४.